दांडीचं चौथं कारण

"एका तासाचं काम आहे," राजस साटम म्हणाला. "एका तासात इंटरनेटवर माझ्यासारखा सभ्य मुलगा अख्ख्या लालबागमध्ये सापडणार नाही!"

हे तो धाकट्या बहिणीला, नूपुरला, सांगत होता. कारणही तसंच होतं. त्या दिवशी कॉलेजात एका मालवाहतूक कंपनीच्या सलोनी परुळेकर नावाच्या मॅडम येऊन गेल्या होत्या. नोकरभरतीचं खातं त्यांच्याकडे. शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर त्यांनी शांतपणे बॉम्ब टाकला, "तुमचा अर्ज आम्ही नंतर वाचतो. आधी तुमचं नाव सर्च करतो." हॉलमध्ये जो तो बाकाखाली मोबाईल धरून काहीतरी पुसायला लागला.

त्यांच्याच कंपनीत राजसची मुलाखत गुरुवारीच होती, परळला. एका बंद गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली होती, तिथं. घरापासून पायी अंतरावर नोकरी म्हणजे लॉटरीच!

त्याने जोरात सुरुवात केली. उघड्या अंगाने गॉगल लावलेला फोटो उडवला. क्रिकेटच्या मॅचनंतर लिहिलेल्या शिव्या उडवल्या. 'फीलिंग बोअर इन लेक्चर' हे तर चाळीस वेळा लिहिलेलं निघालं, तेही उडवलं. प्रोफाइलवर टाय लावलेला फोटो चढवला. टाय शेजारच्या प्रफुल्लकाकांचा होता, पण ते फोटोत दिसत नव्हतं.

"झालं!" तो म्हणाला.

"आणि दांडीचा व्हिडिओ?" नूपुरने विचारलं.

राजसचा चेहरा ताकातल्या लोण्यासारखा पांढरा पडला.

पहिल्या वर्षाला असताना त्याने एक व्हिडिओ केला होता. नाव, 'ऑफिसला दांडी मारायची सात सॉलिड कारणं'. तोवर त्याने ऑफिस बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण त्यात तो ताप आणून दाखवत होता, बसखाली अडकून दाखवत होता, आणि चौथ्या कारणात तर डोळ्यांत खरं पाणी आणून फोनवर म्हणत होता, "सर, माझी आजी वारली हो, सर!" शिवाय खाली स्वतःचं पूर्ण नाव. आडनावासकट!

ते खातं जुनं. पासवर्ड आठवेना. 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं, तर उत्तर आलं, तुमच्या जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. जुना नंबर आता आजोबांकडे होता. आणि आजोबा, म्हणजे अप्पा, माझगावला आत्याकडे राहायला गेले होते.

"सोपं आहे," राजस म्हणाला आणि त्याने फोन लावला.

"अप्पा, मी राजस. तुमच्या मोबाईलवर आत्ता सहा आकडे आले असतील, ते सांगा."

अप्पा सावध आवाजात म्हणाले, "कोण बोलतोय?"

"अहो, राजस!"

"राजस कशावरून?"

"आवाज ओळखत नाही का माझा?"

"हल्ली आवाज हुबेहूब काढतात. बँकेच्या बाई आल्या होत्या मंडळाच्या हॉलमध्ये, त्यांनी सांगितलंय. ओटीपी सख्ख्या मुलालासुद्धा द्यायचा नाही."

"मी मुलगा नाही, नातू आहे!"

"मग तर मुळीच नाही." अप्पांनी थोडा विचार केला. "बरं, सांग. गेल्या रविवारी मटण कुठनं आणलं?"

"मार्केटमधनं!" राजसने ठोकून दिलं.

"पकडला!" अप्पा गरजले. "आणलंच नव्हतं! ज्याला आणायला सांगितलं तो राजस दुपारपर्यंत घोरत पडला होता. खरा राजस असता तर त्याला माहीत असतं!"

फोन कट. पुढचा फोन लागलाच नाही. अप्पांनी नंबर ब्लॉक केला होता. एवढंच नव्हे, चाळीच्या ग्रुपवर त्यांचा संदेशही येऊन पडला : 'सावधान! आमच्या राजसच्या नंबरवरून एक भामटा फोन करतोय. आवाज सेम. कोणीही दाद देऊ नये.'

खाली एकवीस हात जोडलेले दिसले.

माझगावला जाऊन तोंड दाखवावं, तर आत्या अप्पांना घेऊन कुठल्याशा लग्नाला अलिबागला गेलेली. गुरुवारी परत. राजस डोकं धरून बसला.

"लोकांना रिपोर्ट करायला सांग," नूपुर म्हणाली. "भरपूर जणांनी तक्रार केली की व्हिडिओ आपोआप काढतात."

सल्ला चांगला होता. पण चाळीच्या ग्रुपवर राजसने लिंक टाकली, तर सगळे उलट त्यालाच दटावायला लागले. 'भामट्या, लाज नाही वाटत?' राधाबाईंनी विचारलं. या राधाबाई बाजूच्याच खोलीत राहायच्या. मधल्या भिंतीतून राजसला त्यांचं टाईप करणंसुद्धा ऐकू येत होतं!

शेवटी तो दारोदार फिरला. मी मीच आहे, हा व्हिडिओ माझाच आहे, याची कृपा करून तक्रार करा.

"तक्रार कुठं करायची?" प्रफुल्लकाकांनी विचारलं. "काळाचौकीला की भोईवाड्याला?"

"पोलिसात नाही हो, काका! इथं, या तीन टिंबांवर दाबायचं."

"बरं, बरं. पण आधी बघायला तर पाहिजे, तक्रार कशाची करतोय ते."

तिथंच सगळं फिसकटलं. लोकांनी बघितला. हसले. अंगठा दाबला, तोही वर केलेला अंगठा. तीन टिंबं कुणालाच सापडली नाहीत, पण पुढे पाठवायचा बाण मात्र शाळेतल्या पोरापासून सगळ्यांना सापडला. काल ज्याला कुत्रं विचारत नव्हतं, तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी पाहिला. प्रफुल्लकाकांना तो इतका आवडला, की त्यांनी गावच्या ग्रुपवर (ते आणि साटम एकाच गावचे) टाकायचं ठरवलं. अख्खा जाईना, म्हणून त्यातला सगळ्यात चांगला तुकडा कापून पाठवला. चौथं कारण. फक्त चौथं कारण!

आणि मग तो मालनआजीने पाहिला.

आजी चष्मा नाकावर आणून उभी राहिली. "माका मारलंस मेल्या? आणि तां पण दांडी मारूक?"

"आजी, अगं, ती तू नाहीस. ती कुठलीतरी आजी."

"तुका आजयो किती आसत? एकच मी! आणि आजोबाक कित्याक नाय मारलंस?"

आजीने नूपुरला बसवून व्हिडिओखाली जाहीर खुलासा लिहून घेतला : 'मी या मुलाची आजी. मी जिवंत आहे. हा मुलगा नऊच्या आधी उठत नाही. मालन साटम, लालबाग.' मग रागाने स्वतःचा मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला. राजस मनात म्हणाला, यापेक्षा वाईट आता काय व्हायचंय?

गुरुवारी सकाळी तो वेळेत उठला. इस्त्रीचा शर्ट, प्रफुल्लकाकांचा टाय, फाइल काखेत. निघणार एवढ्यात जिन्यातून हंबरडा ऐकू आला.

"मालन्ये गो! माका टाकून गेलंस गो!"

रखमा मावशी! आजीची धाकटी बहीण. कणकवलीला असते. गावच्या ग्रुपवर राजस रडताना दिसला, मालनचा फोन लागेना, म्हणून तिची खात्रीच पटली आणि ती मिळेल त्या बसने निघाली. एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात पदर, मागे गॅलरीभर लोक. तिने दारावर हात मारला. दार आजीने उघडलं.

रखमा मावशीने एकदा आजीकडे पाहिलं आणि 'आई गं!' म्हणून थेट राजसच्या अंगावर कोसळली. फाइल एकीकडे, टाय दुसरीकडे. कांदा लावा, पाणी मारा, वारा घाला, एकच गलका झाला. मारलेलं निम्मं पाणी राजसच्या शर्टावर आलं. मावशीने डोळे उघडले तेव्हा आजी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मी खंय गेलंय? दूध आणूक सुद्धा जाऊक नाय अजून!"

"मगे मी एवढ्या लांबसून कित्याक इलंय?" मावशीला आता वेगळाच राग आला. येऊन वाया गेल्याचा. आजीने डब्यावरचा मोबाईल चालू केला, तर तो लगेच गाववाल्यांच्या फोनांनी वाजायला लागला.

मावशीने राजसचा दंड असा धरून ठेवला होता, की सुटता सुटेना. सुटला तेव्हा तो पळत निघाला. भारतमाताचा सिग्नल, पूल, गल्ली, काही पाहिलं नाही. काचेच्या इमारतीत पोचला तेव्हा सलोनी मॅडम घड्याळाकडे बघत होत्या.

"अर्धा तास उशीर. काय झालं?"

राजसने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे एकही कारण शिल्लक नाही. ताप म्हणावं तर ते पहिलं. बस म्हणावं तर ते दुसरं. लिफ्ट बंद पडली, ते पाचवं. सगळी स्वतःच्या तोंडाने जगाला वाटून मोकळा झाला होता! शर्टातून पाणी टपकत होतं. ही नोकरी गेली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "आजीमुळे."

सलोनी मॅडमनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर तोच होता, डोळ्यांत पाणी आणून. "चौथं कारण," त्या म्हणाल्या. "तुझं नाव टाकलं की आता सगळ्यात वर हेच येतं."

"नाही मॅडम, आजी वारली नाही, म्हणून उशीर झाला."

"काय?"

"म्हणजे तिच्या बहिणीला वाटलं वारली. म्हणून ती कणकवलीहून आली. पण आजीनेच दार उघडलं. म्हणून बहीण माझ्या अंगावर पडली." बोलता बोलता राजसलाच ते साफ खोटं वाटायला लागलं. खरं बोलणं एवढं अवघड असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मॅडमनी लॅपटॉप मिटून मोबाईल उचलला. मग म्हणाल्या, "आजींचा नंबर आहे?"

त्याने दिला. त्यांनी स्पीकरवर फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत आजीचा आवाज अख्ख्या केबिनमध्ये दणाणला.

"मराक नाय मी! मराक नाय! सकाळपासून सांगून सांगून माजो घसो बसलो! फुलां घेवन कोण येव नुको!"

फोन कट.

बाहेरच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघायला लागली. सलोनी मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने रुमाल खाली आला.

"आजवर मला या नोकरीत लोकांच्या कितीतरी आज्या वारल्याचं सांगितलं गेलं," त्या म्हणाल्या. "एक तरी जिवंत असल्याचं आज पहिल्यांदाच ऐकलं."

मग त्यांनी सरळ कामाचं विचारलं. बंदरातले कागद कसे वाचतात, एक्सेल येतं का, दुबईला माल पाठवायचा तर आधी काय लागतं. राजस आता लपवायचं काही उरलं नसल्यामुळे येतं ते येतं आणि येत नाही ते येत नाही, असं सांगत गेला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तीन महिने बघू. सोमवारपासून ये. पण तो व्हिडिओ काढ. गिऱ्हाइकंसुद्धा आमच्या माणसांची नावं शोधतात. ज्याच्या भरवशावर माल सोडायचा तोच पोरगा दांडीचे क्लास घेताना दिसला, तर आम्ही त्यांना काय सांगायचं?"

हे मात्र राजसला आत कुठंतरी लागलं. "आजच काढतो, मॅडम," तो म्हणाला.

दुपारी अप्पा थेट लालबागच्या घरी परतले. मधल्या काळात त्यांनाही कुणीतरी फोन करून, "मालन गेली हो," असं कळवलं होतं. अप्पांनी त्याला, "भामट्या, ठेव फोन!" म्हणून लग्नाचं जेवण शांतपणे उरकलं होतं. आता त्यांनी राजसचा चेहरा पाहिला, आधारकार्ड पाहिलं, पुन्हा चेहरा पाहिला आणि मगच नव्याने आलेले सहा आकडे एकेक करून वाचले. व्हिडिओ गेला. गाववाल्यांचे फोन मात्र चालूच होते. ते आता रखमा मावशी घेत होती आणि प्रत्येकाला स्वतःच्या प्रवासाचे हाल पहिल्यापासून सांगत होती.

राजसला राहवेना. नोकरी लागल्याचं चार ओळीत झक्कपैकी लिहावं, टाय घातलेला फोटो लावावा, म्हणून त्याने मोबाईल उचलला. नूपुरने तो हातातून काढून घेतला.

"तोंडाने सांग. पेढे घेऊन जा."

तो पेढे घेऊन निघाला. पहिलं दार राधाबाईंचं. मालवाहतुकीची कंपनी आहे, दुबईला वगैरे माल जातो, तिथं लागलो, असं त्याने सांगितलं. राधाबाईंनी तोंडभर आशीर्वाद दिला. पुढच्या खोलीत त्याला पाणी प्यायला बसवलं, तेवढाच काय तो वेळ गेला असेल. गॅलरीच्या टोकाला प्रफुल्लकाका दोन्ही हात पसरून उभे होते. मागे चाळीतले आठ-दहा जण.

"नाव काढलंस, राजस! दुबईला उकाडा फार. सुती कपडे ने. आणि फ्लाइट कधी आहे? आम्ही सगळे येतो सोडायला!"

"काका, दुबई नाही. परळ. इथनं चालत जाणार आहे."

प्रफुल्लकाकांनी पुड्यातून उचलून तोंडाकडे नेलेला पेढा मध्येच थांबवला.

"परळ?" ते म्हणाले आणि मागे वळून लोकांना सांगितलं, "चला रे, आत चला. पोरगं घरीच आहे."