हसनभाईंचा रवा

आमचे शेजारी हसनभाई रोज सकाळी पाण्याचा सीटी स्कॅन काढतात. चेष्टा नाही. रत्नागिरीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये ते टेक्निशियन आहेत. पहिला पेशंट टेबलावर चढायच्या आधी तिथे पाण्यानं भरलेला प्लॅस्टिकचा गोल डबा आडवा करतात, त्याचा फोटो काढतात, मधोमध एक वर्तुळ आखतात आणि पुटपुटतात, "रवा किती पडला बघूया."

रवा म्हणजे फोटोतले दाणे. यंत्राच्या भाषेत नॉईज. "पाणी सगळीकडे सारखं, मग फोटो पण सारखा करडा यायला हवा ना, मास्तर? येत नाय! दाणे पडतात. दाणे जास्त, तर असलेला डाग लपतो नि नसलेला दिसतो. कमी करायला किरण वाढवावे, तर ते माणसाला बाधतात. म्हणून मोजायचं!" मी जन्मभर इतिहास शिकवला. मी नुसती मान डोलावतो. घरी सुनंदा, म्हणजे आमची ही, विचारते, "काय म्हणाले भाई?" मी सांगतो, "पाण्याची तब्येत बरी आहे."

गेल्या महिन्यात मात्र हसू पळालं. सुनंदाच्या पोटदुखीसाठी दुसरीकडे काढलेल्या स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसला. फोटो धड नाही, पुन्हा काढा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघं उपाशीपोटी भाईंच्या सेंटरवर हजर. भाईंनी आधी पाणी आडवं केलं. बघतात तर रव्याचा आकडा रोजच्या दुप्पट! "आज नाय जमणार. मशीन बिघडलंय. उद्या या."

माझं डोकंच फिरलं. "भाई, माणूस महत्त्वाचा की पाणी?"

"आज पाणी," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघेनात.

संध्याकाळी स्वतःच घरी आले, तोंड पाडून. "मशीन ठीक आहे. पाण्याचे दोन फोटो काढले नि एकातून दुसरा वजा केला. जे जागचं आहे ते कटतं, रवा तेवढा उरतो. रवा रोजचाच निघाला! डब्यात हवेचा बुडबुडा राहिला होता. मी वर्तुळ नेमकं त्याच्यावर आखलं."

पाण्यातून पाणी वजा केल्यावर उरतं काय, हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. डाग नव्हताच! आधीच्या फोटोतला रवाच तो. रिपोर्ट मी तीनदा वाचला आणि बाहेरच्या बाकावर बसून चक्क रडलो.

त्या दिवशी भाई चहाला आले. सुनंदा आत होती. मी छेडलं, "काय हो, इतकी वर्षं रोज डबा भरता. कधी बुडबुडा राहिला नाही, तो कालच बरा राहिला?"

भाईंनी बशी खाली ठेवली. "यादीत वहिनींचं नाव वाचलं नि डबा भरताना बुडबुडा झटकायचंच विसरलो, मास्तर. आमची रुखसाना गेली, मुलगा दुबईला. दिवसभरात 'भाई, जेवलात का' विचारणारं माणूस मला एकच आहे."

तेवढ्यात सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली नि म्हणाली, "भाई, जेवलात का?"