डिशवॉशरचं सुतक

सोमवारी आमच्या डिशवॉशरला सुतक लागलं. भांडी धुतली जात होती, पण गार पाण्याने, आणि दार उघडलं की ताटं-वाट्या तशाच ठिबकत बसलेल्या. देवघरातलं ताम्हन तर मशिनने आत घेतलंच नाही. ते ठेवलं की दार लागेना, काढलं की लागे. कुमुदला, म्हणजे माझ्या बायकोला, तेव्हाच शंका आली. मी म्हटलं, आधी कंपनीचा माणूस येऊ दे, उगाच अभद्र बोलायचं नाही.

कंपनीकडून बोडके आले. त्यांनी हीटर तपासला, थर्मोस्टॅट तपासला, खालची गाळणी काढून नळाखाली धरली. मग ते हात पुसत खुर्चीवर बसले. कुमुदने चहा पुढे केला, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"राहू द्या वहिनी. सुतकाचं घर आहे."

"कुणाचं सुतक?" मी विचारलं.

"ते मशिन सांगत नाही. लांबच्या भावकीतलं असलं तर नुसतं वाळवणं बंद होतं. तुमचं गरम होणंही बंद आहे, म्हणजे सख्खं."

"अहो, पण आमच्याकडे कुणी गेलेलं नाही."

"तुम्हाला कळलेलं नाही," बोडके म्हणाले. "कळेल तेव्हा तुमचं सुरू होईल. मशिनला कधीकधी आधी कळतं. कधी तर व्हायच्याही आधी. काळजी करू नका, वॉरंटीत आहे."

"काय वॉरंटीत आहे?"

"हीटर."

भावकीत सख्खं म्हणावं असं मला एकच माणूस उरलं आहे. अण्णा, माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून चिपळूणला एकटाच राहतो. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव माझ्या मेव्हण्याच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. चूक कुणाची यात मी शिरत नाही. छापखान्याची होती. पण थोरल्या माणसाने एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, हे माझं मत आजही कायम आहे.

"अण्णांना फोन करा," कुमुद म्हणाली.

"करतो," असं म्हणून मी बाकी सगळ्यांना केले. बोडके काही ब्रह्मदेव नव्हेत, त्यांचंही चुकू शकतं. चुलत भाऊ, त्यांची मुलं, डोंबिवलीचे पुतणे, सगळ्यांना "सहज केला" म्हणून विचारलं. सहज फोन आला म्हटल्यावर तेच घाबरले आणि माझी तब्येत विचारू लागले. नव्वदी ओलांडलेल्या आप्पाकाकांनी तर माझा आवाज ऐकताच ओळखलं. "अजून नाही रे," ते म्हणाले. "तुला घाई आहे का?" अण्णाबद्दल मात्र मी कुणालाच विचारलं नाही. मी चौकशी केली हे त्याच्या कानावर गेलं असतं, आणि तो जिवंत असता तर वर्षभर मिरवला असता.

मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. फोन वाजत राहिला आणि कुणी उचललाच नाही तर? एकट्या माणसाचं कोण कुणाला कळवणार?

तिकडे कुमुदने आमटीला फोडणी देणं बंद केलं. मी म्हटलं, अगं, आपल्याला अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, "मग कळवून घ्या."

शेवटी अण्णाला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोण?"

अण्णाचाच आवाज. मी ओट्याला धरून उभा राहिलो.

"मी. शिरू."

अण्णा एकदम ओरडला, "शिऱ्या! आहेस तू? मेल्या, आहेस?"

"आहे की. का रे?"

"अरे, इथे गीझर सोमवारपासून गार पडलाय. मेकॅनिक म्हणाला, सख्ख्याचं आहे. गार पाण्याने आंघोळ करतोय आणि तुझ्या घरून निरोप येईल म्हणून बसून आहे. फोन करायचा धीर होईना. कुमुदने उचलला असता तर मी काय बोललो असतो?"

मी त्याला डिशवॉशरचं सांगितलं. तो हसला, मीही हसलो. हसता हसता मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्याला सख्खा मी एकटा, आणि मला तो.

"म्हणजे मशिनना व्हायच्या आधीच कळलंय," अण्णा म्हणाला.

"हो."

"कुणाचं ते?"

"मशिन सांगत नाही."

"बरं. शिरू, फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत. तूही ठेवू नकोस."

फोन अजून चालूच आहे. चार्जर लावून, स्पीकरवर टाकून ओट्यावर उभा केला आहे. आज भाजी कोणती, ते अण्णा विचारतो आणि कुमुदने सांगितलं की नावं ठेवतो. पत्रिकेवरून एकदा कडाक्याचं भांडण झालं, पण फोन कुणीच आपटला नाही. कंपनीतून कुमुदच्या नंबरवर विचारणा होते, तक्रार बंद करू का म्हणून. ती म्हणते, राहू द्या.

दुपारी अण्णा जरा लवंडतो. मग त्याचं घोरणं ऐकू येतं. मी ओल्या ताटांना फडकं मारत तिथेच उभा असतो. मध्येच घोरणं थांबतं, तसा माझा हातही थांबतो. पुन्हा सुरू झालं की मी पुढचं ताट घेतो.