दिव्याचे निर्दोषत्व

दिनांक १९ जुलै, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, कार्यालयाच्या नऊ गाड्यांपैकी मोठ्या साहेबांच्या गाडीने स्वतःचा दोष स्वतःहून कबूल केला. त्या कार्यालयात असा प्रकार पूर्वी घडलेला नव्हता.

चालक तात्यांनी गाडी रस्त्यावर घेतली आणि एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला, तो विझेना. तीन चाकांचे सेन्सर चाळीसचा वेग सांगत होते. मागचे डावे चाक मात्र आपण जागेवरच उभे असल्याचे कळवत होते. गाडीतल्या नियंत्रकाने चौघांची साक्ष ताडून पाहिली, एक साक्षीदार खोटा ठरवला, आणि भलता निर्णय घेण्यापेक्षा एबीएस बंद करून दिवा लावला. साधे ब्रेक शाबूत होते. पण ओल्या रस्त्यावर ते जोरात दाबले तर चाके जाम होणार, हे तात्या जाणून होते. निवृत्तीला सात महिने उरले होते. नोकरीला आजवर ओरखडा नव्हता. तो पडू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

"सेन्सर बदलायला हवा, साहेब."

वाहनप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. "गाडी चालते?"

"चालते."

"थांबते?"

"थांबते, पण..."

"मग तक्रार कोणाची?"

"गाडीचीच."

"तात्या, गाडीला तक्रारीचा अधिकार कोणी दिला?"

रीतसर पाहणी झाली. आढळलेला दोष : दिवा पेटलेला असणे. उपाय : दिवा काढणे. समोरच्या गल्लीतल्या मिस्त्रीने तो काढला.

पुढे आरटीओच्या तपासणीत निरीक्षकाने गाडी नापास केली. किल्ली फिरवताच दिवा लागून विझला पाहिजे, असा नियम होता. लागतच नसेल तर गाडी काहीतरी लपवते असे समजावे. प्रमुखांना नियम मनापासून पटला. त्यांच्या आज्ञेवरून दिवा परत बसला आणि त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडली गेली. आता दोघे जोडीने लागत आणि इंजिन सुरू होताच जोडीने विझत. निरीक्षक प्रसन्न झाले.

"मिस्त्री, हे पाप कुठं फेडशील?"

"दिवा विझला ना, तात्या? लोकांना तेवढंच हवं असतं. तुम्ही आपली हळू चालवा."

"मी हळूच चालवतो रे. घाई मागच्या सीटवर बसलेली असते."

ती घाई एका पावसाळी सकाळी बैठकीला निघाली. उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. तात्यांनी ब्रेक दाबला, चाके जाम झाली; स्टिअरिंग वळले, गाडी वळली नाही. मोठ्या साहेबांचा हात मोडला. चौकशी बसली.

"अपघातसमयी दिवा लागला होता?"

"नाही. त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडली होती, साहेब."

"म्हणजे दोष ठाऊक असूनही आपण गाडी चालवलीत."

तात्या निलंबित झाले. बातमी वाचून आपण सारेच हळहळलो, आणि मिस्त्रीचा पत्ता विचारत निघालो. त्या आठवड्यात वायर जोडून घेणारे : सेहेचाळीस. सेन्सर बदलून घेणारे : शून्य.