दाराबाहेरचं हायर मराठी

तुळशीराम आबाजींनी मला सात महिने निबंध शिकवला, पण त्या सात महिन्यांत शिकवताना मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. मी घरात पोत्यावर वही घेऊन बसायची. आबाजी बाहेर ओट्यावर, दाराच्या चौकटीला पाठ टेकून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि समोरून जाणाऱ्या बैलगाड्यांकडे पाहत म्हणायचे, "निसर्ग हा मानवाचा आद्य गुरू होय. लिही."

पहिल्याच दिवशी एका गाडीवाल्यानं बैल थांबवले. "मले म्हनलं का, आबाजी?"

"तुले नाही. तू चाल."

माझी आई आतून हाक मारायची, "आबाजी, आत या ना. बाहेर काहून बसता?"

"आत आलो का सारं इसरतो वो मी."

यात त्यांचा काही दोष नव्हता. आमच्या किन्हीराजाहून रोज एस.टी.नं जाऊन त्यांनी वाशीमकडच्या मालेगावच्या एका हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं शिपायाची नोकरी केली होती. अकरावीच्या वर्गाबाहेर त्यांचं स्टूल असायचं. आत मराठीचे सर शिकवायचे, आणि सरांचा आवाज असा की भिंत नावाची गोष्ट त्याला अडवू शकत नसे. आबाजी स्वतः चौथी पास. पण तेच धडे, तेच निबंध अठ्ठावीस वेळा कानावरून गेले, की माणूस नाही म्हटलं तरी विद्वान होतो. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. इतकं की सरांना बोलता बोलता खोकायची सवय होती, तर आबाजी खोकल्यासकट शिकवायचे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा घाईघाईनं पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले.

"पानी कायले?"

"तुमाले ठसका लागला ना."

"हा माहा खोकला नोय, सरचा हाय. इथं परिच्छेद बदलते."

आता मी त्यांच्या तावडीत कशी सापडले ते सांगते. नववीनंतर माझी शाळा सुटली होती. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, घर माझ्यावर आलं आणि मालेगावची एस.टी. माझ्याशिवाय जायला लागली. दोन वर्षांनी आई उठून बसली, तेव्हा मी बाबांच्या मागे लागले, की मला बाहेरून मॅट्रिकला बसू द्या. तेव्हा मॅट्रिक अकरावीची होती. मॅट्रिक झालं की डी.एड. आणि डी.एड. झालं की मास्तरीण, एवढा लांबचा रस्ता मला दिसत होता. बाबांना जवळचा दिसत होता. पोहरादेवीकडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि मंडळी उत्तराची वाट पाहत होती.

"एक डाव बस," बाबा म्हणाले. "पास झाली तं शिक. नाही तं मंग मले काही म्हनू नोको."

बाकीचे विषय मी गाईडवरून घोकले असते. पण मी फॉर्ममध्ये हायर मराठी भरून बसले होते. त्यात साहित्य आणि लांबलचक निबंध, आणि निबंध काही घोकून येत नाही. गावात हायर मराठी माहीत असलेला माणूस एकच होता. तो रिटायर होऊन घरी बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रस्तावना, विस्तार, समारोप असे शब्द ऐकवून हैराण करत होता.

कारण आबाजी सगळ्या दुनियेला निबंधाच्या मापानं मोजायचे. चहा पातळ झाला, की "लय विस्तार केला बाई यात." लग्नाच्या पंगतीत नुसतंच वरण आधी वाढलं, की "प्रस्तावना बरी हाय, मुद्दा कवा येते?" शेजारच्या दोघी भांडायला लागल्या, की ते कंपाउंडाशी उभे राहून ऐकायचे आणि शेवटी मान हलवायचे, "दोघीबी इषय सोडून बोलून राह्यल्या."

ते कुणब्यांच्या आळीतले, आमचं घर बौद्धवाड्यात. रोज आमच्या ओट्यावर बसून आमच्याकडचा चहा पितात, हे त्यांच्या आळीत काहींना आवडलं नाही. एक जण त्यांना भर रस्त्यात म्हणाला, "आबाजी, त्यायच्या घरचा चहा कायले पेता?" आबाजींनी त्याला शांतपणे विचारलं, "निबंधाचा इषय काय हाय?" तो गोंधळला. "निबंधाचा इषय निबंध हाय. चहा हा मुद्दा त्यात येत नाही. विषयांतराचे मार्क कटतात." दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडे दोनदा चहा मागून घेतला.

सरांचा लाडका निबंध होता 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ'. म्हणून तो आबाजींचाही लाडका. अडचण एवढीच, की समुद्र मी पाहिला नव्हता, आबाजींनी पाहिला नव्हता आणि आमच्या अख्ख्या गावात कोणी पाहिला असेल असं वाटत नाही. आबाजी म्हणाले, न पाहता लिहिणं म्हणजे नक्कल. मग एका संध्याकाळी ते मला आणि आईला गावाबाहेरच्या तलावावर घेऊन गेले.

"हे पाय. आता याचा पलीकडचा काठ काढून टाक."

मी बराच वेळ पाहिलं.

"काढला?"

"काढला."

"त्या म्हशी काढ."

"काढल्या."

"आता लिही. अथांग."

आई म्हणाली, "म्हशी काहून काढल्या? त्याच तं बऱ्या दिसून राह्यल्या होत्या."

"समुद्रात म्हशी नसतात."

"तुमी पाह्यला का?"

आबाजींनी हा प्रश्न विषयांतरात धरला.

बारा निबंध झाले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाराही निबंध मध्येच तुटत होते. निसर्ग मानवाचा आद्य गुरू होऊन पुढं काही शिकवणार, एवढ्यात संपला. समुद्रावर सूर्य टेकला तो टेकलेलाच राहिला. मला आधी वाटलं, शेवट ते नंतर सांगणार असतील. एक दिवस विचारलंच.

"आबाजी, याचा समारोप?"

एक गाडी गेली, दुसरी गेली.

"समारोप मले ठाव नाही, सुमन."

"असं कसं?"

"घंटी शाळेच्या दुसऱ्या टोकाले, निंबाखाली. तास संपाच्या पाच मिनिटं आधी मले उठा लागे. सर समारोपाले आले, का मी घंटीकडं." मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं हेच झालं. प्रस्तावना तं कोनीबी करते वो. खरं जे सांगाचं, ते सर शेवटी सांगत असतीन."

पुढच्या सोमवारी ते धुतलेली टोपी घालून सकाळच्या एस.टी.नं मालेगावला गेले. तेच सर अजून अकरावीला होते. संध्याकाळी आबाजी परत आले आणि ओट्यावर बसले. मी वही घेऊन आत तयार. आईनं चहा दिला. तो तसाच निवला.

"भेटला का समारोप?" मी विचारलं.

"नव्या शिपायानं स्टूल देल्लं. म्या म्हनलं, तू जा घंटीवर, मी बसतो. पुरा तास ऐकला. शेवटचे पाच मिनिटं आले. सर खोकलले. म्या दाराले कान लावला."

"मंग?"

"मंग सर म्हनले, 'बाकीचं घरून पूर्ण करून आणा.'"

आई चुलीपाशी हसायला लागली. मीही हसले, पोट धरून हसले. बाहेरून हसण्याचा आवाज आला नाही, म्हणून मी दारातून डोकावले. आबाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. नंतर ती परत डोक्यावर घालून ते घरी गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. मला वाटलं, संपलं आपलं हायर मराठी. तिसऱ्या दिवशी चौकटीला पाठ टेकल्याचा आवाज आला.

"असं कर. सरले येत नाही, मले येत नाही. शेवट आता तूच सांग. मी आयकतो."

मी घाबरत वाचलं, "म्हणून निसर्ग हा सर्वश्रेष्ठ आहे."

"हा समारोप नोय. ही घंटी हाय. दुसरा सांग."

मी दुसरा सांगितला. मग तिसरा. पंधरा दिवस मी फक्त शेवट लिहीत होते. एकेका निबंधाला चार-चार शेवट. आबाजी रस्त्याकडे पाहत ऐकायचे आणि एकेक परत पाठवायचे. "हे तुले खरंच वाटते का? का मार्कासाठी म्हनून राह्यली?" असं त्यांनी एकदा विचारलं. त्यानंतर मला वाटत नसलेलं लिहायची लाज वाटू लागली. तेव्हा कळलं नाही, पण मला निबंध आला तो त्याच दिवशी.

परीक्षेचं केंद्र वाशीमला होतं. बाबा सडकेच्या कामावर, आईला प्रवास झेपेना, म्हणून आबाजी सोबत आले. एस.टी.त ते माझे मुद्दे तपासत होते. कंडक्टरनं तिकिटासाठी टिकटिक केली तर त्याला म्हणाले, "थांब रे बावा, प्रस्तावना होऊ दे." पेपराच्या वेळी केंद्रावरच्या शिपायानं त्यांना व्हरांड्यातून हाकललं. पण मी पेपर देऊन बाहेर आले, तेव्हा दोघं एकाच बाकावर बसून पान खात होते आणि आबाजी त्याला उपमा आणि उत्प्रेक्षेतला फरक समजावत होते.

"कोन्ता इषय आला?"

"आठवडी बाजारातील एक तास."

"समुद्र?"

"नव्हता."

आबाजी एस.टी. स्टँडपर्यंत पुढं पुढं चालत आले. मग म्हणाले, "फुकट काढल्या आपन त्या म्हशी."

निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले आणि मराठीत इतके मार्क पडले, की बाबांनी मार्कशीट तिघांकडून तपासून घेतली. पोहरादेवीच्या मंडळींना त्यांनी स्वतः जाऊन नकार कळवला. मी साखर घेऊन आबाजींकडे गेले. त्यांनी साखर तोंडात टाकली, हात झटकले आणि अवघडून म्हणाले, "तो बाजाराचा निबंध याद हाय का?"

"हाय."

"वहीत उतरव. आन एक दिस माह्यासंग इंझोरीले चाल."

इंझोरीला त्यांची एकुलती एक मुलगी दिली होती, शांताताई. दोन एस.टी. बदलून आम्ही गेलो. वाटेत त्यांनी सांगितलं, की शांता चौथीत पहिली आली होती. त्याच साली तिची आई वारली. आबाजींची गाडी सकाळची. भाकरी कोणीतरी टाकायला पाहिजे, म्हणून त्यांनी तिला शाळेतून काढलं. "मी दिवसभर हायस्कुलात, आन माही लेक चुलीपाशी," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

शांताताई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. तिशी उलटलेली, कपाळावर भुसा. वडिलांना पाहून म्हणाली, "काहून वो बाबा, अचानक?"

"हे पोरगी मॅट्रिक झाली. तिचा निबंध आयक."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि सूप हलवत राहिली. मी वाचायला लागले. निबंधात मी बाजारात शेंगा विकणारी एक बाई लिहिली होती. रद्दीच्या कागदात शेंगा बांधायच्या आधी ती प्रत्येक कागद निरखून पाहते, कधी कधी उलटा धरून.

"थांब," शांताताई म्हणाली. "सुपाच्या आवाजात आयकू नाही आलं. त्या बाईचं परत वाच."

आबाजी उठले. त्यांनी तिच्या हातातून सूप घेतलं आणि शेजारी खाली मांडी घालून बसले.

"तुमाले जमत नाही, बाबा. खडे राह्यतात."

"राहू दे. तू आयक."

ते तूर पाखडू लागले. अर्धी जमिनीवर जात होती. मी पहिल्यापासून वाचलं. शांताताईचे हात रिकामे झाले होते आणि ते कुठं ठेवावे, हे तिला कळत नव्हतं. आधी तिनं ते मांडीवर ठेवले, मग पदरात गुंडाळले. वाचून संपलं तेव्हा ती म्हणाली, "वही दे माह्या हाती."

वहीवर बोट ठेवून ती वाचू लागली. एकेक अक्षर सुटं, हळू, मोठ्यानं. बाई आली, शेंगा आल्या. 'वर्तमानपत्र' आलं आणि ती अडली. "वर... व... वर..."

आबाजींनी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. सूप मांडीवर ठेवलं, आणि तिला ते आपलं आपण लागेपर्यंत ते तसेच बसून राहिले.