थर्मोस्टॅटची राज्यघटना

डॉक्टर शशिधर म्हणजे लंडनच्या ईलिंगमधल्या आपल्या घराचे घटनाकार! निदान त्या रविवारी सकाळी तरी त्यांची तशी ठाम समजूत होती.

"या देशाची राज्यघटना धड एका जागी लिहिलेलीच नाही," नाश्ता करताना ते म्हणाले. "बराचसा कारभार रूढीवर! आपल्या घरात हे चालणार नाही. हक्क कसे, पांढऱ्यावर काळे हवेत!"

खरं दुखणं वेगळंच होतं. रिटायर झाल्यापासून त्यांना थंडी सोसेना, आणि सून देविका दिवसभर घराच्या हीटिंगचा थर्मोस्टॅट सतरा अंशांवर ठेवायची. त्यांना एकवीसचा कायमचा हक्क हवा होता.

"पण आजोबा, हक्क येतो कुठून?" लॉ शिकणाऱ्या नातीने, आर्याने, टोस्ट चावत विचारलं. "तुम्ही दिला, तर तुम्ही काढून पण घेणार. मग तो राईट कुठे? फेवर झाला ना!"

शशिधरराव गडबडले. "मी कोण देणारा? हक्क जनतेकडून येतात!"

"म्हणजे आम्ही. मग व्होटिंग!"

घ्या! पण मतदानाला ते कशाला घाबरतील? बायकोचं मत खिशात, नात तर लाडकी! त्यांनी झोकात कलमं लिहिली. एक, प्रत्येकाला समान मत. दोन, ठरलेलं तापमान सगळ्यांच्या संमतीशिवाय बदलायचं नाही. सुनेने नंतर गडबड करायला नको!

देविका म्हणाली, सतरा. आर्या म्हणाली, "प्लॅनेटसाठी, सतरा." शशिधररावांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

"सतरा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "सारखी गॅसपुढे उभी असते मी. उकडून जीव जातो."

"चाळीस वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

शशिधरराव सुनेकडे वळले. "अगं, पण संध्याकाळी तर आपोआप एकवीस व्हायचं!"

"आपोआप कुठलं, बाबा? मीच करायचे," देविका म्हणाली. "तुम्ही गारठता म्हणून. पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं ना! आता कलम दोन."

"मग द्या की संमती!"

"मी नाही देणार," आर्या म्हणाली.

संध्याकाळी घटनाकार कानटोपी आणि दोन स्वेटर घालून सोफ्यावर कुडकुडत बसले. सुलक्षणाबाई पदराने घाम पुसत स्वयंपाकघरातून आल्या. नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि थर्मोस्टॅट सरळ एकवीसवर फिरवला.

"अगं, हे घटनाबाह्य आहे!"

"मग करू कमी?"

शशिधररावांनी जिन्याकडे नजर टाकली. आर्या वर अभ्यास करत होती.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "रूढी म्हणूनही काही असतं."