नाना आश्रम बघतात

नाना वृद्धाश्रमात कधी ऑफिसच्या दारानं शिरत नाहीत. फाटकाशी गाडी थांबली की ते वळसा घालून थेट मागच्या अंगणात जातात आणि कपडे वाळत घालायच्या दोरीसमोर उभे राहतात. आत चहा-बिस्किटं मांडून बसलेले व्यवस्थापक तोवर माझ्याकडे बघतात आणि मी छताकडे.

नाना आमचे शेजारी. उरणच्या मिठागरात जन्मभर मुकादमी केली. काकूंना अर्धांगवायू झाला त्याला तीन वर्षं झाली. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं नानाच करतात. यंदा नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली. घरी बाई ठेवून पाहिली, ती नानांच्या सूचना ऐकून तिसऱ्या दिवशी पळाली. लेक लांब, तिच्या संसारात. म्हणजे काकूंसाठी आश्रम शोधणं आलं. आणि गल्लीत गाडी फक्त माझ्याकडे, म्हणून माझंही जाणं आलं.

अलिबागच्या बाजूला एका आश्रमात कारंजं होतं, काचेच्या पेटीत मासे होते, भिंतीभिंतीवर कॅमेरे होते. नाना मागून आले ते फणफणतच. "अठरा खाटा न् दोरीवर चादरी तीन? बाकीची मानसं काय उभ्यानं झोपतात?" मालक जातीनं लक्ष घालतात, असं व्यवस्थापक सांगू लागला. "मालक नको दावू," नाना म्हणाले, "काम करनारी दाव." हे त्यांचं लाडकं वाक्य. मिठागराचा शेठ मोटारीतून उतरला की त्यालाही आपण हेच ऐकवायचो, असं ते सांगतात. मला शंका आहे.

काम करणारी भेटली की मात्र नाना तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालतात. "किती वर्सं झाली गो तुला हितं?" दोन महिने, असं उत्तर आलं की उठलेच. दिवाळीनंतर गेल्या हंगामाचीच टोळी मिठागरावर परत आली तर मुकादम चांगला, नाहीतर नालायक. कारभार जोखायची त्यांची रीत एवढीच. एका ठिकाणी त्यांनी भरवणाऱ्या बाईला समोरच्या आजींचं नाव विचारलं. ती म्हणाली, "चार नंबर." नाना उठून थेट गाडीत जाऊन बसले.

असे सात आश्रम नापास झाले. मी वैतागलो होतो. ह्या माणसाला आश्रम शोधायचाच नाही, नुसती मुकादमी करायची हौस आहे, असं मी बायकोला सांगूनही टाकलं.

आठवा रेवदंड्याकडे. बैठं, कौलारू घर. मागची दोरी चादरींनी गच्च. स्वयंपाकाची बाई नऊ वर्षं तिथंच टिकलेली. नानांनी सगळं पालथं घातलं, पण खोड सापडेना. मग तिथल्या सिस्टरनंच त्यांना समोर बसवलं आणि वही उघडली. काकूंना कोणत्या नावानं हाक मारायची, चहा किती गरम लागतो, कशाची भीती वाटते. सात आश्रमांत हे कुणी विचारलं नव्हतं. नाना मुलाखतीला आल्यासारखे ताठ बसून उत्तरं देत होते.

"आणि झोपताना काही लागतं?"

"हात लागतो," ते म्हणाले. "माजा. न्हायतर तिला झोप न्हाय येत."

सिस्टरनं ते लिहून घेतलं नाही. आत जाऊन तिनं रात्रपाळीच्या बाईलाच बोलावून आणलं. मला वाटलं, नाना आता उठतील. ते उठले नाहीत.

"ती उजव्या कुशीवर निजते," ते त्या बाईला म्हणाले, "म्हनून डावा हात धरायचा. जोरात न्हाय. डोला लागला तरी लगेच न्हाय सोडायचा." आणि त्यांनी आपलाच डावा हात उजव्या हातात घेऊन तिला दाखवलं.

मला फार वाईट वाटलं. बायकोला जे सांगितलं होतं त्याची लाजही वाटली. परत येताना मी गाडी हळू चालवली. उरण आलं तरी नानांनी तो हात सोडला नव्हता.