नमुन्याची टिकली

"या वेळी माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागाच ठेवत नाही!" अर्विडने सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं.

अर्विड हा मिनेसोटातल्या एका आडबाजूच्या काउंटीचा रस्ते-नियोजन अधिकारी. पुढच्या वीस वर्षांत कोणता रस्ता आधी करायचा, याचा आराखडा त्याच्या गळ्यात होता. मागच्या आराखड्यावर लोक पाच वर्षं कुरकुरले होते. म्हणून आता ठरवणार लोकच! चर्चच्या तळघरात भिंतभर नकाशा, दारात प्रत्येकाला एक लाल टिकली. हवा त्या रस्त्यावर चिकटवा, झालं!

त्याला मनातून एकच काम व्हायला हवं होतं, ओढ्यावरचा पूल. तो तीन वर्षं बंद होता आणि पलीकडे राहणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ओर्फाबाई दवाखान्यासाठी अकरा मैलांचा वळसा घालत होत्या. निम्म्या टिकल्या तरी पुलावर पडणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

एकसष्ट माणसं आली. कॉफी प्यायली, हवापाण्यावर बोलली. नकाशा कोराच!

"या ना पुढे! लॉयल, तुझा रस्ता?"

"माझं काय, चालतंय," लॉयल म्हणाला. त्याच रस्त्यात रुतलेली त्याची गाडी गेल्या आठवड्यात ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली होती! "दुसऱ्यांचं आधी होऊ दे."

इथली रीतच तशी. केकला तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचा. ताटातल्या शेवटच्या तुकड्याचा जो तो अर्धा घेत जातो, संपवत मात्र कुणी नाही. अर्विड इथेच जन्मलेला, पण त्या दिवशी त्याच्या अंगात हुशारी शिरली होती.

"अहो, लाजता काय? ही बघा, अशी लावायची!" म्हणत त्याने आपली टिकली नमुना म्हणून स्वतःच्याच घराच्या रस्त्यावर चिकटवली. रस्ता पाव मैल, त्यावर घर एक.

तळघरात कुजबुज उठली.

"अर्विड मागतोय! चारचौघांत!"

"म्हणजे फारच वाईट रस्ता असणार हो. बिचारा कधी बोलला नाही!"

आणि नकाशापुढे रांग लागली.

"अहो, नको! तो नुसता नमुना होता!"

"असू दे रे, असू दे."

"खरंच नको!"

"संकोच करू नकोस!"

"नको म्हणतोय ना!" अर्विड ओरडला. हा तिसरा नकार. आता तर मागे बसलेलेही उठले!

काउंटीच्या अध्यक्षांनी टिकल्या मोजल्या. अर्विडच्या घराचा रस्ता बासष्ट, पूल शून्य.

"जनतेचा कौल! कुणाचा विरोध?"

एकच हात वर झाला, अर्विडचा.

"काय हा विनय!" अध्यक्ष गहिवरले, आणि टाळ्यांच्या कडकडाटात वीस वर्षांचा आराखडा मंजूर झाला.

खुर्च्या आवरताना त्याने ओर्फाबाईंना गाठलं. "तुम्ही तरी! पूल तुमचाच ना हो?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"स्वतःसाठी कसं रे मागायचं? लोक काय म्हणतील?" कोटाची बटणं लावत त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दुसरं कुणीतरी लावेल पुलावर." मग शेवटचं बटण लावून म्हणाल्या, "तुझ्याकडे होती की एक."

अर्विडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटात केकचा शेवटचा तुकडा उरला होता. ओर्फाबाईंनी तो कागदी रुमालात गुंडाळून त्याच्यापुढे धरला. "घे, घरी जाऊन खा. मला अजून अकरा मैल जायचंय."

त्याने तो निमूटपणे घेतला. नको म्हणायची त्याची आता हिंमतच नव्हती!